जुन्या अवजारावरचा ठसा कोणाचा? निर्माता आणि उगम ओळखण्याची रीत

नागपुरात जुने हातअवजार बाजारात येते ते ठरावीक वाटांनी. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे शहरापर्यंत पोहोचली, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने मोतीबागेत नॅरोगेजचा कारखाना चालवला, आणि स्वातंत्र्यानंतर अंबाझरीची आयुध निर्माणी, कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे, कामठी-उमरेडकडच्या कोळसा खाणी आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत यांची भर पडली. अशा ठिकाणची अवजारे लिलावातून, बंद झालेल्या वर्कशॉपमधून किंवा निवृत्त कारागिराच्या पेटीतून भंगारवाल्याकडे जातात आणि तेथून आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर येतात. विकणारा "असली जर्मन आहे भाऊ" एवढेच सांगतो, कारण त्यालाही कोणीतरी तेवढेच सांगितलेले असते.

या प्रवासामुळे एकाच अवजारावर तीन-चार ठसे सापडणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे, आणि त्यांतला सर्वांत ठळक ठसा बहुधा बनवणाऱ्याचा नसतो. तो मालकाचा असतो. म्हणून ठशातली अक्षरे वाचून लगेच इंटरनेटवर शोधण्याची घाई करू नये. तो ठसा कोणी, कधी आणि कशासाठी मारला हे आधी ठरवावे. निर्माता, विक्रेता, मालक, सरकारी तपासनीस आणि पोलादाचा प्रकार सांगणारा कारखाना अशा पाच हातांनी अवजारावर अक्षरे उमटतात, आणि त्यांतले फक्त एक नाव आपल्याला हवे असते.

आधी साफसफाई, पण बेताने

सर्वाधिक पुरावा नष्ट होतो तो घरी आणल्यावरच्या पहिल्या तासाभरात. ग्राइंडरला तारेचे चाक लावून गंज उडवला की पाना चकाकतो खरा, पण उथळ अक्षरेही त्याबरोबर जातात. करवतीच्या पात्यावरचे ॲसिडने कोरलेले चित्र तर खरखरीत कागदाच्या पाच-सहा फेऱ्यांत पुसले जाते. अवजार रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे, सकाळी पितळी ब्रशने किंवा जुन्या दातघासणीने चोळावे आणि फडक्याने पुसावे. करवतीच्या पात्यासाठी सपाट लाकडी ठोकळ्याला चारशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळावा आणि रॉकेलचा हात देत एकाच दिशेने हलके घासावे, म्हणजे वरचा भाग उजळतो आणि कोरीव रेषा खोलगट असल्यामुळे काळ्याच राहून दिसू लागतात. व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्त्वात बुडवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, परंतु करवतीच्या बाबतीत ती टाळलेली बरी, कारण आम्ल गंज आणि कोरीव काम यांत भेद करत नाही.

त्यानंतर खोलीतला दिवा मालवून मोबाइलची बॅटरी अवजाराच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. समोरून पडणाऱ्या उजेडात जे सपाट दिसते त्यावर आडव्या उजेडात सावल्या पडतात आणि अर्धवट झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. खडूची भुकटी चोळून वरवर पुसली तर ती खोलगट भागात अडकते. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलचे शिसे आडवे घासल्यास अक्षरांचा छाप मिळतो. रंध्याचे पाते, पटाशीचा मुठीजवळचा भाग, कानशीचे मुठीत जाणारे टोक, पकडीच्या पायांची आतली बाजू आणि रंध्याच्या मुठींखालचा बिडाचा तळ या जागा विसरू नयेत. मूठ काढून पाहिल्याशिवाय रंधा पाहिला असे म्हणू नये.

ठसा कोणी मारला?

येथे घाई करू नये, कारण पुढचे सगळे याच निर्णयावर अवलंबून असते. एखादा फिक्स पाना हातात घेऊन पाहू. दांड्याच्या मधोमध उठावाची अक्षरे आहेत, त्यांची उंची सर्वत्र सारखी आहे, कोपरे किंचित गोलसर आहेत आणि ओळ दांड्याच्या मध्यरेषेला अचूक समांतर आहे: ही अक्षरे पाना घडवतानाच साच्यातून आलेली आहेत, म्हणजे ती कारखान्याची. त्याच दांड्याच्या कडेला "बी.एन.आर." (बंगाल नागपूर रेल्वे) अशी तीन अक्षरे आहेत, त्यांतले पहिले सरळ, दुसरे डावीकडे कललेले आणि तिसरे थोडे खाली घसरलेले आहे, एकाची खोली दुसऱ्याहून कमी आहे आणि प्रत्येक अक्षराभोवती धातूची बारीक कडा वर आलेली बोटाला लागते. ही अक्षरे एकेक पंच हातोडीने ठोकून मारलेली आहेत आणि ती मालकाची आहेत. पाना क्रोमचा असेल तर आणखी सोपी कसोटी मिळते. कारखान्यात अक्षरे आधी मारतात आणि मुलामा नंतर चढतो, त्यामुळे खाचेच्या तळाशीही क्रोम चमकतो. मालकाच्या पंचाखाली मात्र क्रोम फुटतो आणि खाचेत गंज शिरतो. इलेक्ट्रिक पेनने कोरलेली थरथरती अक्षरे नेहमीच कामगाराच्या किंवा भांडाराच्या नावाची असतात. ती मनोरंजक असतात, पण उगमाबद्दल काही सांगत नाहीत.

मालकाच्या ठशाने निर्माता कळत नाही, तरी तो टाकाऊ नसतो, कारण तो काळ सांगतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणून "जी.आय.पी.आर." ठशाचे अवजार त्याआधी रेल्वेत दाखल झालेले असते. बंगाल नागपूर रेल्वे १९५२ मध्ये पूर्व रेल्वेचा भाग झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी निघाली आणि नागपूर विभाग २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे गेला, त्यामुळे "बी.एन.आर.", "एस.ई.आर." आणि "एस.ई.सी.आर." या तीन ठशांवरून अवजार कोणत्या पिढीत भांडारात होते ते सांगता येते. एकाच पान्यावर जुन्या आणि नव्या रेल्वेची अक्षरे एकाखाली एक दिसली तर तो पाना दोन्ही काळांत कामावर होता असे समजावे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रेल्वेच्या मालमत्तेबाबत १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि बेकायदा ताबा हा त्यानुसार गुन्हा ठरतो. जुन्या, बंद झालेल्या रेल्वे कंपनीच्या ठशाची झिजलेली हातोडी आणि आजच्या ठशाचा कोरा करकरीत जॅक यांत फरक करावा, आणि दुसऱ्या प्रकारचा माल स्वस्तात मिळत असेल तर लिलावाची पावती मागावी. ती नसेल तर तो जिथल्या तिथे ठेवावा.

तीन रेघा एका टोकाला मिळून झालेला, कावळ्याच्या पावलासारखा बाण दिसला की अनेकजण त्याला कंपनीचे चिन्ह समजतात. तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण आहे. हिंदुस्थानातल्या लष्करी भांडारांच्या मालावर त्याच्यासोबत "आय" हे अक्षर आढळते. १८२१ पासून छावणी असलेले कामठी जवळच असल्यामुळे असा माल आपल्याकडे येणे स्वाभाविक आहे. बाणाशेजारी "१९४२" किंवा "१९४३" असे वर्ष असेल तर ते युद्धकाळातल्या पुरवठ्याचे वर्ष असते. निर्मात्याचे नाव अशा अवजारावर बहुधा लहान अक्षरांत दुसऱ्या बाजूला असते, म्हणून बाण सापडला की शोध थांबवू नये.

विक्रेत्याचा ठसा सर्वांत फसवा, कारण तो कारखान्यातच व्यवस्थित मारलेला असू शकतो. मोठे हार्डवेअर व्यापारी विलायती कारखान्यांकडून आपल्या नावाचा माल बनवून घेत. नावानंतर शहराचा पत्ता असेल तर तो लक्षपूर्वक वाचावा. "नागपूर, सी.पी." असे असेल तर ते मध्यप्रांताच्या काळातले, म्हणजे १९५० पूर्वीचे; "नागपूर, एम.पी." असेल तर १९५० ते १९५६ या काळातले, जेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यानंतर १९६० पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहोत. इतक्या कमी वर्षांत इतक्यांदा राज्य बदललेले शहर अवजारे शोधणाऱ्याच्या सोयीचे आहे. मूळ खोके सोबत मिळाले तर त्यावरचा पिनकोडही पाहावा: सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे पिन छापलेले खोके त्याआधीचे असू शकत नाही.

नाव नसलेली अक्षरे

"ड्रॉप फोर्ज्ड", "क्रोम व्हॅनेडियम", "वॉरंटेड सुपीरियर", "कास्ट स्टील" यांपैकी एकही निर्मात्याचे नाव नाही. पहिले घडवण्याची पद्धत सांगते, दुसरे मिश्रधातू, तिसरे केवळ हमी. "कास्ट स्टील" पाहून अवजार ओतीव आणि ठिसूळ असावे असे समजून ते टाकून देणारे भेटतात, हे दुर्दैव आहे. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून शुद्ध करण्याची रीत प्रचारात आणली, त्या पोलादाचा हा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या उत्तम पटाश्यांवर, करवतींवर आणि रंध्याच्या पात्यांवर तो आढळतो. विजेच्या भट्ट्या आल्यावर मुशीचे पोलाद मागे पडले, म्हणून हा शब्द असलेली पटाशी बहुधा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाची असते.

"डीआयएन" आणि त्यापुढे आकडा असेल तर ते जर्मन मानक आहे. ते मानक पाळणारा कारखाना जालंधरचाही असू शकतो. "जर्मन" म्हणून खपणाऱ्या पान्यांपैकी पुष्कळांचा जर्मनीशी संबंध एवढाच असतो.

देशाचे नाव हा त्यामानाने भक्कम पुरावा, आणि तो काळही सांगतो. ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी चिन्हांचा कायदा आला आणि अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, त्यानंतर "मेड इन" लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. "वेस्ट जर्मनी" १९४९ ते १९९० मधले, "ऑक्युपाइड जपान" युद्धानंतरच्या १९५२ पर्यंतच्या ताब्याच्या काळातले, आणि "चेकोस्लोव्हाकिया" १९९२ अखेरपर्यंतचे. रशियन लिपीतली अक्षरे असलेला पाना नागपुरात सापडला तर नवल वाटू देऊ नये, कारण सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर आहे आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. सोव्हिएत अवजारावर अनेकदा किंमतही रुबल आणि कोपेकमध्ये धातूतच उमटवलेली असते, आणि १९६७ नंतरच्या मालावर पंचकोनी गुणवत्ता चिन्ह आढळू शकते.

माप काय सांगते

पान्यावर नाव झिजले असले तरी आकडा उरतो, आणि व्हर्निअर कॅलिपर जवळ असेल तर तो आकडा बोलका होतो. समजा पान्यावर फक्त "१/२" लिहिले आहे. जबडा मोजला आणि तो १२.७ मिलिमीटर भरला तर ते माप नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले आहे, म्हणजे अमेरिकी पद्धतीचे. तोच जबडा साधारण २३.४ मिलिमीटर भरला तर आकडा बोल्टच्या दांड्याचा आहे आणि पाना ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा आहे, शेजारी "९/१६ बी.एस." (ब्रिटिश बारीक आट्यांचे माप) असेल तर शंकाच उरत नाही, कारण व्हिटवर्थचा अर्धा इंच आणि बारीक आट्याचा नऊ सोळांश इंच यांचा नट एकाच मापाचा असतो. जोसेफ व्हिटवर्थने ही आट्यांची पद्धत १८४१ मध्ये मांडली आणि आपल्या रेल्वे, गिरण्या व छापखाने कित्येक दशके तिच्यावर चालले. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, म्हणून केवळ मिलिमीटरचे आकडे असलेला भारतीय पाना बहुधा त्यानंतरचा मानावा. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध आले, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतरच्या काळातले परदेशी अवजार आपल्याकडे सापडले तर ते बहुधा एखाद्या प्रकल्पाबरोबर, लष्कराबरोबर किंवा परदेशातून परतलेल्या कोणाच्या सामानातून आले असणार.

रंधे

लोखंडी रंध्याइतके पुरावे दुसऱ्या कोणत्याही अवजारात साठलेले नसतात, आणि दुसऱ्या कोणत्याही अवजाराबाबत इतकी फसगतही होत नाही. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने लिओनार्ड बेलीची पेटंट्स १८६९ मध्ये घेतली आणि त्या रचनेचा चार नंबरचा व पाच नंबरचा रंधा जगभर पसरला. पेटंटची मुदत संपल्यावर शेफील्डपासून जालंधरपर्यंत सर्वांनी तीच रचना, तोच आकार आणि तोच नंबर उचलला. त्यामुळे "नं. ४" हा आकार आहे, नाव नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

लिव्हर कॅप (पाते दाबून धरणारे झाकण), पाते आणि ते ज्या तिरक्या ओतीव ठोकळ्यावर टेकते तो फ्रॉग काढून ठेवावा. अमेरिकी स्टॅन्लीच्या जुन्या रंध्यात फ्रॉगच्या मागे बिडातच पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१० या तीनही तारखा असतील तर रंधा १९१० नंतरचा ठरतो. फक्त पहिल्या दोन असतील तर १९०२ आणि १९१० च्या दरम्यानचा. पुढे तारखा कमी होत गेल्या आणि १९३० च्या दशकात त्या उरल्या नाहीत. लिव्हर कॅपमधले स्क्रूचे भोक जुन्या रंध्यांत कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे असते. काजूच्या आकाराचे भोक १९३३ च्या सुमारास आले. पात्यावर हृदयाच्या आकारात "एस.डब्ल्यू." असेल तर ते पाते साधारण १९२० ते १९३५ मधले. ते हृदय कंपनीचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून आले आहे. मात्र पाते झिजते आणि बदलले जाते, म्हणून पात्याचा पुरावा पात्यापुरताच; रंध्याचे वय नेहमी बिडाच्या ओतकामावरून ठरवावे.

या पेटंट तारखांची एक मजेदार पडताळणी करता येते. अमेरिकी पेटंट मंगळवारी दिली जातात, आणि वरील तीनही तारखा मंगळवारच्या आहेत. जुन्या कॅलेंडरवर वार जुळत नसेल तर एखादा आकडा आपण चुकीचा वाचला आहे असे समजून पुन्हा भिंग लावावे. ब्रिटिश पेटंट क्रमांकांचे वेगळे आहे: १९१५ पर्यंत ते दरवर्षी एकपासून सुरू होत, म्हणून वर्ष ठाऊक नसेल तर निरुपयोगी, १९१६ पासून एक लाखाच्या पुढे सलग चालू लागले.

"मेड इन इंग्लंड" असलेला स्टॅन्ली १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा, कारण त्याच सुमारास कंपनीने शेफील्डमध्ये बस्तान बसवले. शेफील्डच्याच सी. अँड जे. हॅम्प्टन या कारखान्याने रेकॉर्ड नावाचे रंधे १९३१ पासून काढले. त्यांवरचा आकडा शून्याने सुरू होतो, जसे ०४ किंवा ०५, आणि रंग निळा असतो. रंगावर भिस्त ठेवू नये, निळा रंग आपल्याकडेही मिळतो. कडेचे ओतकाम खरखरीत असणे, अक्षरांच्या कडा बसलेल्या असणे आणि फ्रॉग ज्यावर टेकतो ती जागा नीट सपाट न केलेली असणे ही उत्तरकालीन स्वस्त नकलेची लक्षणे. नक्कल म्हणजे वाईट असे मात्र नव्हे. नीट घासून घेतलेला जालंधरचा रंधा सागवानावर उत्तम चालतो, फक्त त्याची किंमत विलायतीची देऊ नये.

लाकडी रंध्याचा हिशेब निराळा. विलायती लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर निर्मात्याचा ठसा असतो आणि त्याच टोकावर पुढच्या प्रत्येक मालकाने आपले नाव ठोकलेले असते. मध्यभागी वर असलेला, नीट आखीव ठसा निर्मात्याचा धरावा. आपल्याकडे मात्र सुतार रंध्याचा ठोकळा स्वतः शिसव, बाभूळ किंवा सागाचा घडवत आणि पाते तेवढे विकत घेत. अशा रंध्याच्या पात्यावर शेफील्डचे नाव असले तरी रंधा इथलाच असतो, आणि तो बनवणारा बहुधा तो वापरणाराच होता.

करवती, पटाश्या आणि इतर

करवतीच्या मुठीतल्या पितळी नटांपैकी एक मोठा असतो आणि त्यावर ठसा असतो; त्याला पदक म्हणतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डिस्टनच्या करवतींचे वय ठरवण्याचा तोच प्रमुख आधार आहे, कारण नावाची मांडणी काळानुसार बदलत गेली. त्या पदकावर केवळ "वॉरंटेड सुपीरियर" आणि गरुड असेल तर ते तयार मिळणारे सामान्य पदक आहे. नाव पात्यावरच्या कोरीव चित्रात शोधावे. मूठ बदललेली आहे का, हे पात्याची भोके मुठीच्या भोकांशी सहज जुळतात की नाही यावरून कळते. जास्तीचे भोक दिसले की मूठ दुसरीकडची.

पटाश्यांवर चित्रचिन्हे फार उपयोगी पडतात: तीन पानांचे शॅमरॉक शेफील्डच्या मार्पल्सचे, कांगारू रॉबर्ट सॉर्बीचे. मासा आणि गळ हे चिन्ह स्वीडनच्या सँडविकच्या करवतींचे. स्क्रू पान्याच्या बाबतीत स्वीडनमधले एनशॉपिंग हे गावाचे नाव आणि बाहको हे नाव शोधावे; आजच्या रूपातला स्क्रू पाना योहान पेत्तर योहान्सनने १८९० च्या दशकाच्या आरंभी तेथे बनवला. कानशीचे नाव मुठीजवळच्या सपाट भागावर असते. अमेरिकी निकोल्सन आणि आपली जे.के. ही दोन नावे सर्वाधिक दिसतात, आणि बोथट कानशीला संग्राहकमूल्य जवळपास नसते, म्हणून तेथे फार वेळ घालवू नये.

भारतीय माल कसा वाचावा

भारतीय अवजाराचा माग काढण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे आयएसआय चिन्ह. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, जसे पकडीसाठी आय.एस. ३६५० आणि फिक्स पान्यासाठी आय.एस. २०२८, आणि खाली "सीएम/एल" ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो परवाना एका विशिष्ट कारखान्याला दिलेला असतो, म्हणून ब्रँडचे नाव पुसले गेले तरी क्रमांक शाबूत असल्यास बीआयएस केअर ॲपवर तो टाकून पाहावा. परवाना चालू असेल तर निर्मात्याचे नाव आणि पत्ता मिळतो. भारतीय मानक संस्थेची जागा १ एप्रिल १९८७ रोजी भारतीय मानक ब्यूरोने घेतली, पण चिन्ह तेच राहिले, त्यामुळे केवळ चिन्हावरून काळ ठरत नाही.

बाकी ठिकाणांचा अंदाज असा बांधावा: टपारियाच्या पकडी आणि पाने नाशिकचे, स्वीडिश तांत्रिक सहकार्याने सुरू झालेले, पाने, व्हाइस आणि रंधे यांचा मोठा पट्टा जालंधर व लुधियानाचा, लहान पकडी आणि हातोड्या राजस्थानातल्या नागौरच्या, कात्र्या मेरठच्या. "नागौर" हे नाव अर्धे झिजलेले असेल तर घाईत "नागपूर" वाचले जाण्याचा धोका आहे, तेव्हा मधली अक्षरे नीट तपासावीत.

ठसा नसलेले अवजार हे बहुतेक वेळा लोहाराचे. वाकस, कुऱ्हाड, सब्बल, विळा यांवर हातोडीचे चपटे घाव दिसतात, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, आणि दांडा घालायच्या भोकाच्या आत पट्टी दुमडून जोडल्याची शिवण सापडते. ट्रकच्या कमानपट्ट्यापासून घडवलेले अवजार ओळखायचे असेल तर त्याची किंचित उरलेली बाकदार वळण पाहावी. कधी कधी पट्ट्याच्या मधल्या बोल्टचे भोकही अर्धे बुजलेले दिसते. असे अवजार घडवणाऱ्याचे नाव मिळत नाही, परंतु ज्याच्या घरातून ते आले त्याला कोणत्या गावच्या बाजारातून घेतले होते हे विचारावे. सावनेर, काटोल, उमरेड, भिवापूर अशा एखाद्या गावाचे नाव मिळाले तर तोच त्याचा उगम.

नोंद कशी ठेवावी

अवजारासोबत एक कागद ठेवावा. त्यावर प्रत्येक ठसा जसा आहे तसा, तुटक्या अक्षरांच्या जागी टिंबे देऊन उतरवावा, तो कोणत्या बाजूला आहे आणि साच्यातला आहे की पंचाचा आहे हे लिहावे, जबड्याचे वा पात्याचे माप लिहावे आणि पट्टीसह छायाचित्र काढावे. निष्कर्ष लिहिताना "निश्चित" आणि "संभाव्य" हे दोन रकाने वेगळे ठेवावेत: "बी.एन.आर. मालकी, १९५२ पूर्वी" हे निश्चित, "शेफील्डचा असावा" हे संभाव्य, जोवर ते नाव स्वतः वाचलेले नाही. विकताना हाच कागद गिऱ्हाइकाला द्यावा, आणि विकत घेताना असा कागद सोबत आला तरी त्यावरचे ठसे अवजाराशी जुळतात का हे भिंग लावून स्वतः तपासून मगच पैसे द्यावेत.